खालच्या मजल्यावरच्या पियानोबाई

जर्मनीत गेर्लिंगेनला आमच्या खालच्या मजल्यावर पियानो शिकवणाऱ्या एक जर्मन बाई राहतात. दीडशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्लिश पियानोवादक-संगीतकार बाईवर त्यांचा भारी जीव. तिच्याविषयी बोलतात मात्र शेजारच्या घरातली भानगड सांगितल्यासारखं. "आल्झो, म्हणजे असं बघ, लग्न झालं आणि नवऱ्याने तिचे कार्यक्रम बंद केले. गाढव कुठला."

एकदा त्यांच्याकडे चहाला गेलो असताना माझ्या नवऱ्याने विचारलं, "पण मग घरी स्वयंपाक कोण करणार?"

बाईंनी शांतपणे त्याच्यापुढचा केक उचलून माझ्या बशीत ठेवला.

तेव्हापासून बाई जिन्यात दिसल्या की हा न विचारताच सांगतो, "आज वरण मी केलं."

काल बाईंनी विचारलं, "कुकरच्या शिट्ट्या किती?"

"तीन."

"पाच. मला खाली ऐकू येतात."