कोल्ड स्टोरेजचा सर्व्हर कुणी अडवला?

आमच्या कोल्ड स्टोरेजमध्ये बटाटा आठ महिने टिकायचा, किस्से मात्र रोज ताजे निघायचे! आता मित्र जमले की मी एक सांगायला जातो आणि मागून चार आपोआप येतात.

साल दोन हजार चार-पाच. आंबेगाव तालुक्यातली छोटी सहकारी संस्था. वजनकाट्यावर एक कॉम्प्युटर, बुकिंगला एक, चेअरमन अण्णांच्या केबिनमध्ये एक आणि या तिन्हींचा मिळून एक सर्व्हर. तो सांभाळायला मी, डिंगोरे गावचा, टेम्पररी. लग्न ठरलं होतं, पण होणाऱ्या सासऱ्यांची अट होती, "आधी कायम व्हा, मग हळद!"

कामाची पद्धत सोपी. ज्याचं बुकिंग आधी, त्याच्या गोण्या आधी आत. पण कुणी एखादी नोंद बदलायला उघडली आणि सेव्हही केली नाही, कॅन्सलही केली नाही, की सर्व्हर ती त्याच्यासाठी अडवून धरायचा. मग नंबरांची यादी अडायची आणि मागोमाग सगळी मशीनं हँग. बाहेर ट्रॅक्टरची रांग, उन्हात बटाटा आणि शिव्या मला.

*

पहिल्यांदा हँग झाला तेव्हा अण्णांनी सर्व्हरला हात लावून पाहिला. "तापलाय राव! आपल्याकडं गारव्याला काय तोटा हाय? ठेवा चेंबरमधी!"

दोन दिवस सर्व्हर गोण्यांच्या थप्पीशेजारी आणि मी स्वेटर घालून त्याच्यासमोर. हँग व्हायचा काही थांबला नाही. मला सर्दी झाली.

*

काट्यावर बाळूभाऊ, महाळुंगे पडवळचे. सकाळी आल्या आल्या आपल्या भावकीच्या नोंदी उघडायचे, स्क्रीन बंद करायचे आणि चहाला जायचे.

"बाळूभाऊ, काम नाही तर नोंदी उघडता कशाला?"

"येष्टीत रुमाल टाकतो का न्हाई आपन? तसं हाय. आता दुसरं कुनी आमचा नंबर हलवील का?"

खरंच कुणी हलवू शकत नव्हतं. त्यांचाही आणि अख्ख्या तालुक्याचाही!

*

बुकिंगला जुन्नरचे शकीलभाई. कुणालाही 'नाही' म्हणणं त्यांच्या जिवावर यायचं. एका दुपारी पाहिलं तर त्यांच्याकडे अकरा नोंदी उघड्या, एकही सेव्ह नाही.

"आज अमावस्या हाय. लोक म्हनले, पक्कं उद्या करा."

"शकीलभाई, तुम्ही अमावस्या पाळता?"

"मी न्हाई पाळत भाऊ, गिऱ्हाईक पाळतं!"

*

शेवटी मी डोकं चालवलं. दहा मिनिटं कीबोर्डला हात लागला नाही तर नोंद आपोआप बंद होईल, अशी सोय केली. दोन दिवस नुसता आनंद! तिसऱ्या दिवशी पुन्हा सगळं ठप्प.

पळत काट्यावर गेलो. बाळूभाऊ गायब. कीबोर्डवर, बरोबर स्पेसबार दाबून, एक चांगला पावशेरी बटाटा ठेवलेला.

*

मग अण्णा भडकले. केबिनमध्ये संचालकांची मीटिंग चालू होती, तिथेच मला बोलावून घेतलं. "आज दुपारपातूर चालू करा, न्हायतर मशीन भंगारात आन तुमी डिंगोऱ्याला!"

नोकरी गेली की लग्नही गेलं. धावत जाऊन सर्व्हरवर बघितलं, नोंद कोण अडवून बसलंय ते. काटा नाही. बुकिंग नाही. अण्णांची केबिन!

अण्णांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही, असा आमचा सगळ्यांचा समज होता. त्यांच्या मशीनवर कायम टॉवेल टाकलेला. आणि चेअरमनच्या मशीनला दहा मिनिटांचा नियम लावायची माझी हिंमत झाली नव्हती.

परत केबिनमध्ये गेलो, टॉवेल काढला, स्क्रीन लावला. सगळे संचालक खुर्च्या सोडून माझ्यामागे येऊन उभे राहिले. अण्णांच्याच दोनशे गोण्यांची नोंद. बुकिंगची तारीख पुसून महिनाभर आधीची टाकलेली. खाली दोनच बटणं, सेव्ह आणि कॅन्सल.

"कुठलं दाबू, अण्णा?"

अण्णांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"कशाला दाबता? सर्व्हर जुना झालाय, नवा मागवा. आन ह्या पोराला आजच्या आज कायम करा!"

"अनुमोदन!" उपाध्यक्ष म्हणाले.