परातीएवढा पापड

आमच्या वडगावच्या गल्लीत एखाद्या मुलीचं लग्न ठरलं की तिच्या घरच्या बायका आधी आईकडं यायच्या. मुलीकडचे लग्नात रुखवत मांडतात, त्यात परातीएवढा एक तांदळाचा पापड हवाच, आणि तो आईनंच दाबायचा असा गल्लीचा रिवाज. कुणी वाखाणलं तर ती म्हणायची, "झाला आपला. सगळ्यांचाच हात लागलाय." सगळ्यांचा कसला? बाकीच्या चहा पीत बसलेल्या असायच्या.

गेल्या उन्हाळ्यात आक्काचं, माझ्या थोरल्या बहिणीचं, लग्न ठरलं आणि नेमका तेव्हाच आईचा उजवा खांदा आखडला. हात वर जाईना, जोर लावायची तर बातच नको.

"मी दाबतो की," मी म्हटलं.

"मग त्यो तुझा पापड झाला रं," असं म्हणून तिनं तोंड फिरवलं.

"पापडावाचून लगीन मोडत न्हाय, आई," आक्का समजूत घालायला गेली, तर आई रडायलाच लागली. गल्लीभरच्या लेकींना दिलं आणि पोटच्या लेकीला नाही, हे तिला खात होतं. मला ते बघवेना.

मला कुठल्याही गोष्टीच्या मुळाशी जायची खोड आहे. घरात मला 'चौकशी खातं' म्हणतात. मी डोकं लढवलं. हातात जोर नाही, पण अंगात वजन आहे की! फरशीवर तेल लावलेला प्लॅस्टिकचा कागद, त्यावर उकडीचा गोळा, वर दुसरा कागद, त्यावर जुन्या कपाटाची फळी आणि फळीवर आमची आई.

गोळा आधी भसकन पसरला, मग थांबला. फळी उचलून बघतो तर भाकरी! एवढी जाड उकड वाळताना हमखास तडकते. अंदाज घ्यायला मी आणि माझे वडील, आप्पा, दोघंही फळीवर बसलो. उकड बोटभर सरकली आणि पुन्हा अडून बसली. मला वाटलं, वेळ द्यावा. मध कसा, सावकाश का होईना, वाहतच राहतो. फळीवर पाटा ठेवून आम्ही जेवायला गेलो. परत येऊन बघतो तर जैसे थे.

आता मात्र मला पापडापेक्षा त्या उकडीचंच कुतूहल वाटायला लागलं. लहान गोळा तळहातानं दाबला तरी पातळ होतो, मग मोठ्याला दोन माणसं का पुरत नाहीत? विचार करता करता लक्षात आलं, की मधल्या उकडीला कडेपर्यंत यायचं तर दोन कागदांमधल्या चिंचोळ्या फटीतून, दोन्हीकडं घासत यावं लागतं. पापड जितका मोठा आणि पातळ, तितकी ती वाट लांब आणि अवघड. आणि उकड काही मध नव्हे. ठरावीक जोराखाली ती हलतच नाही, मग दिवसभर बसा. बरं, पाणी वाढवावं तर ती कागदाला चिकटून फाटते.

मी गोळा पुन्हा मळून गरम केला. आई परत फळीवर बसली, पण हिरमुसून. आक्का म्हणाली, "आई, अंडी उबवायला बसल्यागत दिसतीस गं!"

आईला हसू फुटलं. ती गदागदा हसायला लागली, खालची फळी डावी-उजवी फिरायला लागली, आणि मी बघतोय तर कागदाखालून उकडीची कड पुढं सरकत होती! थांबलेली उकड आडवी ढवळली गेली की हट्ट सोडत होती, आणि आईचं वजन तिला हळूच पसरत होतं.

"आई, हल! अशीच हल!"

"येड लागलं व्हय रं?" म्हणत ती पाय रोवून कमरेतून घोळायला लागली, जात्यावर बसल्यासारखी. फळी उचलली तेव्हा खालच्या फरशीची नक्षी पापडातून दिसत होती.

लग्नात रुखवतापुढं बायकांची गर्दी झाली. आईच्या खांद्याचं सगळ्यांना ठाऊक होतं. एकीनं आईला विचारलंच, "पापड कुणाकडनं करून घेतलासा, काकी?"

मला वाटलं, आता आई नेहमीचं 'सगळ्यांचाच हात लागलाय' म्हणणार. आईनं पदर सावरला, नवरीच्या वेशातल्या आक्काकडं एकवार बघितलं आणि म्हणाली, "मी केलाय. एकटीनं."