निबंधात मला गावी धाडलं

माझी शाळा चौथीपर्यंत. इंग्रजीचं अक्षर येत नाही. म्हणून नात पेन घेऊन माझ्या खाटेवर येऊन बसली, तेव्हाच मला शंका आली.

"आजी, तू सोताले इथली समजते का गावची, कुरखेड्याकडची?"

"काऊन? कोणी विचारायले लावलं?"

"सरांनी. इंग्रजी साहित्याचा निबंध आहे. आपण कोण, आपण कुठचे, यावर."

माणूस कुठचा, हे उगाच कोणी विचारत नाही. सोयरीक जुळवणारे विचारतात, खोली भाड्याने देणारे विचारतात, आणि ऐकून झालं की तोंड वाकडं करतात. शिवाय दिवसही तसेच होते. मुलगा ऊर्जानगरच्या वीज केंद्रातून निवृत्त होणार होता, क्वार्टर सोडायचं होतं. चंद्रपुरात फ्लॅट घेतला होता. खोल्या दोन, माणसं चार. माझं काय, ते कोणी बोलत नव्हतं. पोरीला पुढे करून माझ्या मनातलं काढून घेताहेत, असं मी धरून चालले.

"लिही काही पण," म्हटलं.

लिहून झाल्यावर तिला मराठीत सांगायला लावलं. निबंधाला साचा होता. आधी आपलं म्हणणं, मग धड्यांतले पुरावे, मग घरचा एक दाखला, शेवटी निष्कर्ष. धड्यातली बाई परदेशात जाते आणि गावासाठी झुरते. घरचा दाखला मी. गावच्या माझ्या मोहाच्या झाडापाशी माझा जीव अडकला आहे आणि आता मी तिकडे परत जाणार आहे.

"परत जाणार? तुले कोणी सांगतलं?"

"निष्कर्ष आहे तो, आजी. पहिले जे म्हटलं, ते शेवटी सिद्ध करावं लागते."

"त्यासाठी मले धाडून राह्यली?"

आणि झाड माझं नाही, हेही तिला सांगितलं. आमच्याकडे रानातलं मोहाचं झाड, फुलं गळायच्या आधी जो खालचा पाचोळा काढून जागा साफ करेल, त्याचं. नवरा गेल्यावर मी इकडे आले, तेव्हापासून ती जागा माझी जाऊ साफ करते. आज टोपली घेऊन गेले तर ती मला हाकलेल. मीही तेच केलं असतं. आणि झुरायचं कशासाठी? फुलं वेचून कंबर गेली. इथे नळाला पाणी येतं.

"मग तर माझं म्हणणंच पडते," नात म्हणाली.

"पडू दे."

जेवताना मुलाला विचारलं, "मले गावी धाडून राह्यला का?"

"कोण म्हणते, माय?"

"तुझी पोरगी. इंग्रजीत."

सून हसली. मुलगा हसला नाही, ते मी पाहिलं.

"अजून काही ठरलं नाई," तो म्हणाला. म्हणजे बोलणं चाललं होतं.

"मग उद्या मले फ्लॅट दाखव."

दुसऱ्या दिवशी गेलो. जाताना मी झाडू घेतला. पुढच्या खोलीत खिडकीखाली एक खाट मावेल एवढी जागा होती. तिथला रंगाचा चुरा, सिमेंटची धूळ, सगळं काढलं. बाकी खोलीला हात लावला नाही. मुलगा दारात उभा होता. तो गावातच वाढला, रीत त्याला ठाऊक आहे.

"समजलं, माय," तो म्हणाला.

समजलं म्हणजे हो म्हटलं, असं नव्हे. झाडू मी तिथेच ठेवून आले.




नात म्हणते, निष्कर्ष बदलला. काय लिहिलं, विचारलं नाही. ती सांगेल तेच कागदावर असेल, याची खात्री कोणी द्यावी?