शेंगदाण्याचं कुणी सांगितलंच नाही

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळही नाही, आणि ती स्वतः भूलतज्ज्ञ आहे. निदान चुकतं म्हणजे काय, हे तिला समजावून सांगावं लागत नाही. मग तिच्यापासून का लपवलं? चुका तर मी लपवत नाही. शिकाऊ डॉक्टरांसमोर उभा राहून माझ्या चुका मी कितीदा सांगितल्यात. ही गोष्ट मात्र दरवेळी वगळली.

आधी एक सांगून टाकतो — मी चांगला डॉक्टर आहे. नव्वदच्या दशकात कोल्हापुरात बालरोगाचा दवाखाना टाकला तेव्हाही होतो. मूल आईच्या कडेवरून आत येईपर्यंत निम्मं निदान झालेलं असायचं. श्वास कसा घेतंय, नाकपुड्या फुगतायत का, रडण्यात जोर आहे का. शाहूवाडीपासून लोक यायचे, बाहेर बाकं भरलेली असायची. त्यामुळे मी कुणाला फार बोलू द्यायचो नाही. आणि खरं सांगू? मला त्याची गरजच वाटायची नाही.

सुनंदा मुरगूडहून आली होती. नवरा शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत, त्याला रजा मिळायची नाही, म्हणून सोबत सासू; ती बाहेर बाकावरच थांबली होती. मांडीवर रूपाली. अडीच वर्षांची, गोबरी, माझा स्टेथोस्कोप ओढणारी. खोकला आणि बारीक ताप. बसल्या बसल्या सुनंदा बोलायला लागली.

"डाक्टर, बाजारादिवशी आम्ही शेंगा फोडत बसलोतो. हिनं दाणं तोंडात कोंबलं आन् लई ठसका लागला बघा. डोळं पांढरं केलं. पाठ थापटली तवा गप झाली, पर तवापास्नं खोकतीया—"

"ताप कधीपासून?" मी मध्येच विचारलं.

तिचं बोलणं माझ्या कानावर पडलं होतं. शब्दन् शब्द. आजही तो तिच्याच आवाजात आठवतो. छाती तपासली तर उजवीकडे बारीक शिट्टी वाजत होती. बाळदमा आहे, असं सांगून औषध लिहिलं आणि पुढचं मूल आत घेतलं.

ती परत आली. मग पुन्हा आली. उजव्या बाजूला न्यूमोनिया झाला, मी तो बरा केला, तर थोड्या दिवसांनी पुन्हा तिथंच. तिथंच का? हा प्रश्न कुठल्याही विद्यार्थ्याला पडला असता. मला पडला नाही, कारण माझ्याकडे उत्तर तयार होतं — प्रायमरी कॉम्प्लेक्स. लहान मुलांच्या क्षयाला तेव्हा सगळे तसंच म्हणत, आणि ते निदान आम्ही सढळ हाताने वाटत होतो. कित्येक महिने गोळ्या कुस्करून पाजल्या त्या पोरीला. गाल बसले तिचे. क्षय म्हटल्यावर गल्लीतली पोरं खेळायला यायची बंद झाली, असं सासूच एकदा सांगत होती.

औषध लागू पडेना तेव्हा मीच तिला पुण्याला पाठवलं. तिथं दुर्बीण घातली आणि उजव्या श्वासनळीतून शेंगदाण्याचा तुकडा निघाला. फुगून कुजलेला. त्याच्या खालचा फुप्फुसाचा भाग कामातून गेला होता, तो कापून काढावा लागला.

रूपाली वाचली. इथवरची गोष्ट मी कुणालाही सांगितली असती.

पुण्याहून आल्यावर सुनंदा, सासू आणि नवरा मला भेटायला आले. नवरा पहिल्यांदाच आला होता. मी तयारीत होतो — तो ओरडेल, टेबलावर हात आपटेल. तसलं काहीच झालं नाही. त्याने अगदी साधं विचारलं, "डाक्टर, तिथलं डाक्टर म्हणत्यात दाणा लई दिवसांचा हाय. तुमच्या ध्येनात कसं आलं न्हाय?"

माझं चुकलं, एवढंच म्हणायचं होतं. काय झालं असतं? दवाखाना बंद पडला असता? मुळीच नाही. मला ते तेव्हाही माहीत होतं.

"शेंगदाण्याचं मला कुणी सांगितलंच नाही," मी म्हणालो. "आई सांगेल त्यावर आम्ही चालतो. पहिल्या दिवशी हे कळलं असतं तर ही वेळ आली नसती." आवाज शांत होता. डॉक्टरचा कसलेला आवाज.

सासू सुनेकडे वळली. "एवढं कसं इसरलीस गं? पोरीच्या जिवावर उठलीस की!"

"मी सांगितलंतं की," सुनंदा म्हणाली. "पयल्याच दिशी..."

इथं मला थांबता आलं असतं. मी पुढं झुकलो आणि मायेने — हो, मायेनेच — म्हणालो, "नीट आठवून बघा. घाबरलेल्या आईला पुष्कळदा वाटतं आपण सांगितलंय, पण ते मनातच राहिलेलं असतं."

ती आठवू लागली. मला दिसत होतं. कपाळावर आठी, नजर खिडकीकडे, ओठ बारीक हलत होते. मग तिचा चेहरा सैल पडला.

"नसंल सांगितलं," ती म्हणाली. "डाक्टर कशाला खोटं बोलतील?"

नवऱ्याने मान खाली घातली. जाताना त्याने माझ्यापुढं हात जोडले.

दाणा सापडला नाही तो माझ्या घाईमुळे. पण हे घाईत झालेलं नाही. एका बाईची खरी आठवण मी तिच्या डोक्यातून काढून घेतली, आणि तिचा चेहरा सैल पडलेला बघून मला हायसं वाटलं. होय, हायसंच वाटलं.

त्यानंतर काही वर्षांनी, दोन हजार सालानंतर, ती धाकट्या मुलाला घेऊन यायला लागली. माझ्याकडेच. दुसरीकडे का नाही गेली? विश्वास होता तिचा. मुलाने काय खाल्लं, कुठं पडला, कुणी उचललं, सगळं सांगत बसायची, दम लागेपर्यंत. मी तिचं बोलणं कधी तोडलं नाही.

एका दुपारी तपासणीच्या खोलीचं दार किलकिलं होतं. बाहेर बाकावर तिच्या शेजारी एक नवखी पोर बसली होती, पहिलंच बाळ छातीशी धरून. सुनंदा तिला समजावत होती.

"सगळं सांग डाक्टरास्नी. काय बी लपवू नगंस. मी एकडाव सांगायचं इसरलो, तर माझ्या लेकीचं फुप्फुस कापाय लागलं."

ती पोर मान हलवत होती. रूपाली पलीकडे शाळेच्या गणवेशात बसली होती, आईकडे बघत.

मी घंटी दाबली आणि पुढच्या मुलाला आत बोलावलं.