पाठीचा स्नायू आणि दारातला होकार

तुमच्या आजोबांनी पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये जन्मभर नोकरी केली, पण कुठलाही कागद मी वाचल्याशिवाय त्यांनी सही केली नाही. धुळ्याहून सुरतेला आलो तेव्हा घरात इंग्रजी वाचणारी मी एकटीच. तीच सवय मी तुमच्या आईला लावली. आधी वाच, मग विचार, मग हो म्हण.

कॅन्सरमुळे माझा डावा स्तन काढला, त्यावर रेडिएशन झालं. आजार गेला, पण तिथली कातडी इतकी आवळली की फळीवरचा डबा काढायला हात वर जाईना. डॉक्टरांनी उपाय सांगितला. पाठीचा एक रुंद स्नायू, त्यावरच्या कातडीसकट, काखेतली रक्तवाहिनी न तोडता पुढे वळवायचा आणि छातीवर बसवायचा. त्याला फ्लॅप म्हणतात. खाली सिलिकॉनची पिशवी ठेवली तर आकारही येईल, असं ते म्हणाले.

"पिशवी नको," मी सांगितलं. "मला हात वर न्यायचाय. आकारावाचून माझं काही अडलेलं नाही. या वयात अंगात परकी वस्तू सांभाळत बसणार नाही."

"जेम तमे कहो, मासी," डॉक्टर म्हणाले. म्हणजे, तुम्ही म्हणाल तसं.

तुमची आई ऑपरेशनसाठी तुमच्याकडून इथे आली होती. हे बोलणं झालं तेव्हा ती आणि आजोबा माझ्या शेजारीच बसले होते.

ऑपरेशन नीट झालं. डबा हाताला येऊ लागला. छातीला थोडा उभार आला, तो स्नायूचाच असं मी धरून चालले. आजोबा चिडवायचे, "रागावलीस की पाठ फिरवायचीस. आता ती सोयही गेली, पाठच पुढे आली!" मीही हसायचे. पोळी लाटताना छातीवरचा स्नायू ओढ खायचा. त्याला अजून आपण पाठीतच आहोत असं वाटतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, म्हणून मी घाबरले नाही.

एकदा आंघोळीनंतर पंख्याखाली बसले असताना छातीवर सहज हात ठेवला. सगळं अंग ऊन आणि तेवढीच जागा गार, पाण्याच्या तांब्यासारखी. दाबून पाहिलं तर आत काहीतरी गोल सरकलं.

"अहो, हे आत काय आहे?"

आजोबांनी पेपर खाली ठेवला नाही. "तुझ्या लेकीला विचार."

मी लगेच फोन लावला.

"आई, ऑपरेशन चालू असताना डॉक्टर दारात आले. म्हणाले, स्नायू पातळ आहे, पिशवी ठेवली तर छान दिसेल, आत्ताच सांगा. तू बेशुद्ध होतीस गं."

"तू शुद्धीवर होतीस ना?"

ती म्हणाली, "टाके निघाल्यावर सांगणार होतो. पण तू इतकी खूश होतीस... बाबांनीही मान डोलावली. तुझ्या भल्यासाठीच केलं."

डॉक्टरांचा राग आलाच. पण आपल्याकडे ते नेहमी असेच बाहेर येतात आणि दारात उभा असेल त्याला विचारतात. त्या दिवशी दारात माझा नकार स्वतःच्या कानांनी ऐकलेली माणसं उभी होती, हे मला सोसत नाही. दुखत काहीच नाही. ब्लाऊजही नीट बसतो, बायका कौतुक करतात. त्या कौतुकाने मला आणखीच एकटं वाटतं.

परवा दवाखान्यात गेले आणि पिशवी काढायला सांगितलं. स्नायू तसाच राहील, ऑपरेशन छोटं आहे, असं डॉक्टर म्हणाले. मग सवयीने आजोबांकडे वळले, "काका, घरे वात करीने कहेजो." म्हणजे, घरी बोलून कळवा.

आजोबा चपलांकडे बघत म्हणाले, "मला नका विचारू आता."

"काय विचारायचं ते आत्ता मलाच विचारा," मी म्हटलं. "मधेच बाहेर येऊ नका. दारात कुणी नसेल."

परतताना रिक्षात आजोबांनी माझा हात धरला. मी तो सोडवला नाही, पण त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

ऑपरेशनचा दिवस ठरला आहे. तुमच्या आईला टाके निघाल्यावर कळवेन. हे लिहिलेलंही तुम्हाला तेव्हाच पाठवेन.