दूध की तवा?

मुलांना शांत व्हायला शिकवण्यासाठी इतका आरडाओरडा करणारी बाई मीरा रोडमध्येच काय, खाडीच्या अलीकडे-पलीकडे दुसरी झाली नसेल. संध्याकाळी आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवरून "शांऽऽत! मी म्हणतेय ना, शांत व्हा!" अशी आरोळी आली, की खाली वाण्याच्या दुकानापाशी उभी असलेली मोठी माणसंसुद्धा बोलायची थांबायची. नात्यानं त्या माझ्या सासूबाईंच्या मावसबहीण, म्हणजे बायकोच्या मावशी. पण हे नातं आमच्यापुरतं राहिलंच नाही. सगळी बिल्डिंग त्यांना मावशी म्हणायची, गुजराती मंडळी मासी म्हणायची आणि दूधवाला भय्या लांबूनच नमस्कार करायचा. आम्ही शांती नगरात राहायला आलो ते मावशींच्याच सांगण्यावरून. "हवा आहे, उजेड आहे, शेजारी भांडकुदळ नाहीत," असं त्यांनी आम्हाला गिरगावात येऊन सांगितलं होतं. यातलं शेवटचं वाक्य खरं होतं, कारण त्या बिल्डिंगमध्ये भांडणाचं सगळं काम त्या एकट्या बघायच्या.

मावशींचं लग्न झालं नव्हतं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉलच्या बोर्डावर त्यांचा जन्म गेला. ज्यांचा कॉल लागत नाही ती माणसं ऑपरेटरला काय काय बोलतात, याची आज कल्पना यायची नाही. आणि त्यावर ऑपरेटरनं लोण्यासारख्या आवाजात "कृपया थांबा" एवढंच म्हणायचं. "आयुष्यभर लोकांचा राग कानातून आत घेतला, जावईबापू," त्या मला म्हणायच्या. "आता रिटायर झालेय. तो कुठून तरी बाहेर पडणारच ना!" तो तोंडातून पडायचा. त्यांचा पारा चढायला फार काही लागत नसे. जिन्यात कुणी चप्पल आडवी ठेवली, टँकरवाल्यानं पाणी कमी दिलं, मी "पोहे छान झालेत, पण" असं म्हटलं, की झालं. शेवटी डॉक्टरांनी ब्लडप्रेशर बघून त्यांना योगासनं करायला सांगितली. मावशी दादरला एका वर्गात जाऊ लागल्या आणि शवासनात डोळे मिटायचे की अर्धे उघडे ठेवायचे यावरून तिथल्या गुरुजींशी कडाक्याचं भांडून परत आल्या. त्यानंतर त्यांनी जाहीर केलं, की मोठ्या माणसांना योग शिकवण्यात अर्थ नाही, ती वाद घालतात. आपण लहान मुलांना शिकवायचं. माझी बायको म्हणाली, "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण." अर्थात मावशी खाली उतरून गेल्याची खात्री करून म्हणाली.

गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत सतरंज्या पडल्या आणि वर्ग सुरू झाला. फी काही नव्हती, पण नखं कापलेली पाहिजेत आणि रुमाल पाहिजे. घंटा म्हणून स्टीलची वाटी आणि चमचा. मुलं सगळ्या जातीची आणि भाषांची, त्यामुळे मावशींचा योग हा पुष्कळसा मुंबईच्या हिंदीत चालायचा. "सांस लो! अरे, लो बोलती हूँ ना! छोड़ो किसने बोला?" एकदा ताडासन चाललं होतं. "हात वर!" अशी आज्ञा झाली, सगळ्यांचे हात वर गेले आणि तेवढ्यात खाली टँकर आला. मावशी कठड्यावरून वाकल्या. पाइप कुठल्या टाकीत सोडायचा यावर टँकरवाल्याशी जे जुंपलं ते टँकर रिकामा होईपर्यंत. सगळी पोरं तेवढा वेळ हात वर करून उभी. समोरच्या बिल्डिंगमधल्या एका गृहस्थांना वाटलं आमच्या गच्चीवर दरोडा पडलाय, ते काठी घेऊन धावत आले. मावशींनी वळून बघितलं, पोरांकडे बघून म्हणाल्या, "शाब्बास! याला म्हणतात एकाग्रता," आणि त्या गृहस्थांनाही हात वर करायला लावले.

दुसऱ्या मजल्यावरच्या जयाबेननी एकदा तक्रार केली, "मासी, बच्चा लोग को ये मरने का आसन काय को सिखाते?" मावशी म्हणाल्या, "आप एक बार सीधा लेट के दिखाओ, कुछ भी सोचने का नहीं." जयाबेन लेटल्या आणि झोपल्या. त्यांना उठवायला त्यांच्या सासूला वर यावं लागलं. त्यानंतर जयाबेन रोज येऊ लागल्या, मोठ्यांना बंदी असताना.

हे सगळं मी गमतीनं सांगतोय, पण आम्ही या वर्गाकडे वळलो ते गंमत म्हणून नाही. आमची रश्मी तेव्हा दुसरीत होती. गिरगावातल्या चाळीत हसतखेळत असलेली पोर मीरा रोडला आल्यापासून बदलली होती. दिवसदिवस बोलायची नाही आणि मग एकदम काहीतरी व्हायचं. एखादी पट्टी हरवली, भात गार निघाला, एवढंही पुरे. जमिनीवर डोकं आपटायची, हाताला येईल ते फेकायची. एकदा शाळेत शेजारच्या मुलीच्या दंडाला चावली. मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावून स्वच्छ सांगितलं, की पुन्हा असा प्रकार झाला तर दाखला घेऊन जा. शेजारच्या भायंदरमध्ये आमच्या आवाक्यातली मराठी शाळा ती एकच. आम्ही दोघं नोकरीवर, पोर अशी. रागावून पाहिलं, समजावून पाहिलं, कॅडबरी देऊन पाहिली. आई-बापाला आपल्याच लेकराची भीती वाटावी, यासारखं वाईट काही नाही.

मावशींनी तिला एकदा बघितलं आणि मला बाजूला घेतलं. त्यांच्याकडे रागाचे दोनच प्रकार होते. एक दुधाचा आणि एक तव्याचा. दूध बघता बघता वर येतं आणि उतू जातं. तिथं चटकन गॅस बारीक करायचा, म्हणजे श्वास सोडायचा, सिंहासन करायचं. गुडघ्यांवर बसा, पंजे मांडीवर, डोळे भुवयांच्या मधोमध, जीभ हनुवटीपर्यंत बाहेर आणि पोटातून "हाऽऽऽ" करा. मुलांचं ते सगळ्यात आवडतं आसन होतं, कारण मोठ्यांसमोर जीभ काढायची सोय दुसऱ्या कुठल्या शास्त्रात नाही. तव्याचं तसं नसतं. तवा वरून काळाच दिसतो. तापलाय की नाही ते हात लावल्याशिवाय कळत नाही. "तुमची पोरगी तवा आहे, जावईबापू. आणि तुम्ही त्याच्यावर पाणी मारताय. चर्र होणार नाही तर काय?"

"मग करायचं काय?"

"काही नाही. जवळ बसून राहायचं. तवा निवायला वेळ लागतो."

मग त्या गच्चीवर रोज रश्मीला सगळ्यांच्या आधी विचारायच्या, "काय गं, दूध की तवा?" पहिले पुष्कळ दिवस ती उत्तरच द्यायची नाही. मावशी, ज्यांना लिफ्टची वाट बघवत नसे, त्या तिच्या शेजारी सतरंजीवर बसून राहायच्या. बाकीची पोरं माकडासारखी उड्या मारत असायची, त्यांना त्या ओरडायच्या, पण बसल्या जागेवरून. एक दिवस रश्मीनं तळहात आडवा धरला. सपाट. तवा. आणि हळूच म्हणाली, "मला इथे यायचंच नव्हतं. मला कोणी विचारलं पण नाही." मावशींनी ते मला येऊन सांगितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते दिसू नये म्हणून त्या माझ्यावर ओरडल्या.

रश्मी हळूहळू मोकळी होऊ लागली. बोलायची, भांडायचीसुद्धा, पण डोकं आपटणं थांबलं. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकतोय तोवर शाळेतून निरोप आला, पालकांनी ताबडतोब भेटावं. झालं होतं असं, की न केलेल्या दंग्यासाठी वर्गात बाईंनी रश्मीला उभं केलं. तिचं दूध वर आलं. पूर्वीची रश्मी असती तर तिनं शेजारणीला बोचकारलं असतं. या रश्मीनं मावशींनी शिकवलं होतं तेच केलं. बाकावरून खाली उतरली, गुडघ्यांवर बसली, डोळे वर चढवले, वीतभर जीभ बाईंच्या दिशेनं बाहेर काढली आणि "हाऽऽऽ" केलं.

बायकोला ऑफिसातून सुट्टी मिळेना. मावशी म्हणाल्या, मी येणार. केबिन रोडवरून शाळेकडे जाताना मी त्यांना दोनदा बजावलं, "मावशी, तिच्या दाखल्याचा प्रश्न आहे. तुम्ही कृपा करून बोलू नका."

"एक शब्द बोलणार नाही. शपथ."

ऑफिसात मुख्याध्यापिकाबाई बसल्या होत्या, कोपऱ्यात रश्मी उभी होती. बाईंनी सुरुवातच केली, "शिक्षकांना जीभ दाखवते. मागच्या वेळीच मी सांगितलं होतं. घरी काही संस्कार आहेत की नाहीत?" मी तोंड उघडून चाचरत होतो. "तो योगाचा..." "योग? हा योग? कोण शिकवतं असले चाळे?" आणि त्यांनी दाखल्याचं पुस्तक पुढे ओढलं.

मी मावशींकडे बघितलं. कान लाल झाले होते, नाकपुड्या फुलल्या होत्या. ही खूण मी ओळखत होतो, टँकरवालाही ओळखत होता. मावशी खुर्चीवरून उठल्या. मी डोळे मिटून घेतले. आता पोरीची शाळा गेली.

ओरडणं मात्र ऐकू आलं नाही. आलं ते पोटातून निघालेलं प्रचंड "हाऽऽऽऽ". डोळे उघडले तर मावशी त्या ऑफिसच्या फरशीवर, इस्त्रीच्या साडीत, गुडघ्यांवर बसलेल्या, बुबुळं वर, जीभ हनुवटीवर. बाहेरचा शिपाई धावत आला आणि दारातच थिजला. बाईंच्या हातातलं पेन टेबलावरून गडगडत खाली गेलं. मावशींनी आसन सावकाश सोडलं, रश्मीनं पुढे होऊन त्यांना हात दिला, आणि त्या उठून उभ्या राहिल्या. मग मी त्यांचा एक आवाज ऐकला, जो मी आधी कधीच ऐकला नव्हता. तो ट्रंकच्या बोर्डावरचा आवाज असणार.

"बाई, शपथ मोडतेय, पण सांगते. मला आत्ता तुमचा फार राग आला होता. तो तुमच्यावर काढायचा नव्हता, म्हणून असा काढला. हिनंही तेच केलं. चावण्यापेक्षा हे बरं की नाही, तुम्हीच सांगा."

मग बाईंनी पुस्तक मिटलं. "शाळेत जीभ नको," त्या म्हणाल्या. "दुसरं काही असेल तर शिकवा." आम्ही निघालो तेव्हा त्यांनी मावशींना दारात थांबवून हळूच विचारलं, "यानं डोकं दुखायचं थांबतं का हो?"

त्या दिवसापासून गच्चीवर सिंह मागे पडला आणि भ्रामरी आली. तोंड मिटून, कानांवर बोटं ठेवून भुंग्यासारखा नुसता गुंजारव. वर्गात, घरात, कुठेही करता येतो आणि कुणाला कळत नाही. रश्मी त्यात पटाईत झाली. दहावीच्या परीक्षेला जाताना रिक्षात शेजारून गुणगुण ऐकू यायची आणि मी ओळखायचो, काय तापलंय ते. मावशींना स्वतःला मात्र भ्रामरी कधी जमली नाही. दोन श्वास झाले की त्यांना खालचं काहीतरी दिसायचं आणि त्या कठड्याकडे धावायच्या.

रश्मी कॉलेजात असताना मावशींना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. आम्ही त्यांना आमच्याकडे आणलं. त्यांना सगळं कळायचं, सांगायचं असायचं, पण तोंडातून "टा, टा" एवढंच निघायचं. जिच्या आवाजानं वाण्याचं गिऱ्हाईक थांबायचं, त्या बाईला पाणी मागता येईना. त्या डाव्या हातानं भांडी फेकायच्या. डॉक्टर म्हणाले, सांभाळा, अशा रागात दुसरा झटका यायचा. आम्ही समजावू लागलो की आणखी भडकायच्या. एका दुपारी त्यांनी पेजेची वाटी भिंतीवर मारली आणि तोंड फिरवून घेतलं. बायको स्वयंपाकघरात जाऊन रडू लागली. मी फडकं घेऊन भिंत पुसत होतो, तेवढ्यात रश्मी कॉलेजातून आली. तिनं भिंत बघितली, पर्स ठेवली आणि पलंगाच्या कडेला जाऊन बसली.

"आजी," ती म्हणाली, "दूध की तवा?"

मावशी भिंतीकडेच बघत राहिल्या. मग त्यांचा डावा हात चादरीवरून थोडा उचलला गेला आणि तळहात आडवा झाला. सपाट.

रश्मीनं काही समजावलं नाही. तोंड मिटलं आणि गुणगुणायला लागली. मी हातात फडकं घेऊन तसाच उभा होतो. तिचा श्वास संपायचा, ती पुन्हा घ्यायची, पुन्हा तेच. असं किती वेळ चाललं कुणास ठाऊक. आणि मग त्या गुंजारवाखाली दुसरा एक लागला. खरखरीत, तुटक, बेसूर. मावशींचे ओठ मिटलेले होते. त्याला शब्द लागत नव्हते, म्हणून तो येत होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना भ्रामरी जमत होती.

शब्द त्यांना पुढे कधीच परत आले नाहीत आणि पुढच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. आजही संध्याकाळी मी गच्चीवर जातो तेव्हा वाटतं, कुणीतरी एकदा मागून ओरडावं, "हात वर!" मी निमूट वर करीन. पण त्या दुपारी मला एवढंच सुचलं, की आता पुरे झालं असेल, मावशी निवल्यात, पोर भुकेली आहे, तिला जेवायला उठवावं. मी तिच्या खांद्याला हात लावला. रश्मीनं डोळे न उघडताच मान हलवली आणि तिथेच बसून राहिली.