मास्तरांनी चालू केलेली गाडी

आमच्या गल्लीत मास्तर म्हटलं की शाळेतले नव्हेत, शिवणाचे. त्यांचं दुकान आणि माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान यांच्यामध्ये फक्त एक फळ्यांची भिंत. चाळीस वर्षं त्यांचं मशीन तिकडे चाललं की इकडे माझ्या टेबलावरचे स्क्रू थरथरायचे. त्यांना जाऊन आता दीड महिना झाला. त्यांच्याबद्दल लिहायला खरं तर लिहिता हात असलेला कुणी हवा होता. पण शेवटच्या वर्षांत त्यांच्या शेजारी मीच होतो, तेव्हा जमेल तसं लिहितो.

मास्तरांची एक पद्धत होती. कोट असो की साधा सदरा, आधी सगळा कच्चा शिवायचे. लांब लांब टाके, एका ओढीत निघतील असे. मग गिऱ्हाइकाला घालून बघायचे, खडूच्या खुणा करायचे, आणि अंगावर नीट बसला की मगच पक्की शिलाई. "घाईनं पक्कं केलं की उसवताना कापड फाटतं," म्हणायचे. पुन्हा पुन्हा ट्रायलला बोलावलं की गिऱ्हाईक वैतागायचं. पण त्यांच्या हातचा कोट घातलेला माणूस गल्लीतून ताठ चालायचा, एवढं खरं.

त्यांच्या मुलानं मात्र सुईला हात लावला नाही. त्यानं एक जुनी पिकअप घेतली आणि लोकांचं सामान वाहू लागला. मास्तरांना ते रुचलं नाही. "त्या खटाऱ्यात मी पाय ठेवणार नाही," म्हणाले आणि खरोखरच ठेवला नाही. एकदा तो हौसेनं दुकानात येऊन म्हणाला, "बाबा, सीटला कव्हर शिवून द्या ना." मास्तरांनी मानही वर केली नाही. "मी माणसांचे कपडे शिवतो. लोखंडाचे नाही." मी भिंतीपलीकडून ऐकलं. पोरगा हसतच बाहेर आला, पण ते हसू माझ्या पायरीपर्यंतच टिकलं.

तो तापानं गेला, आठ दिवसांत. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. मास्तरांची बायको आधीच गेलेली. घरात उरले सासरा आणि सून. सुनेला न्यायला तिचा भाऊ आला होता, ती गेली नाही. दुकानात काजं-बटणं, तुरपाई करायला बसू लागली. पिकअप दुकानामागच्या मोकळ्या जागेत उभी होती, ती तशीच उभी राहिली. टायर बसले, टपावर वेल चढला, सीटच्या स्पंजात मांजरीनं पिल्लं घातली.

चार वर्षांनी पोस्टातला एक कारकून कोट शिवायला आला. विधुर, शांत, बोलताना समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देणारा. त्याची बदली पलीकडच्या गावी झाली होती, तरी तो ट्रायलला तिकडून यायचा. चौथ्या ट्रायलनंतर मी मास्तरांना म्हटलं, "एका कोटाला किती छळाल त्याला?"

"कोट दुसऱ्याच वेळी बसला होता," मास्तर हळूच म्हणाले. "आता माणूस बसतोय का ते बघतोय."

लग्नाचा विषय त्यांनीच सुनेजवळ काढला. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून तिचा आवाज आला, "मी जड झाले का तुम्हाला, बाबा?"

"तू नाही गं जड झालीस. मीच हलका होत चाललोय. मी उडून गेल्यावर तू कुणाकडे बघशील?"

पुढच्या महिन्यात तिनं होकार दिला. अडीच महिन्यांनंतरची तारीख ठरली. सकाळी कचेरीत सह्या करायच्या आणि तिथूनच सामान घेऊन नव्या घरी जायचं.

त्या संध्याकाळी मास्तर मला मागच्या बाजूला घेऊन गेले. पिकअपच्या बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "हिचं सामान माझ्या पोराच्या गाडीतून जाईल. मी चालवीन."

"तुम्हाला गाडी चालवता येते?"

"नाही."

"आणि दुरुस्त करायला?"

"ते त्याहून नाही." मग थोडं थांबून म्हणाले, "घड्याळवाले, तो असता तर हिला यात बसवून कुठं कुठं घेऊन गेला असता. मी त्याला एकदाही बरं म्हटलं नाही. आता निदान त्याच्या बायकोला त्याच्या गाडीतून नीट नव्या दारापर्यंत पोचवतो. एवढं झालं की झालं."

कोपऱ्यावरच्या गॅरेजचा मेस्त्री म्हणाला, "मास्तर, मला द्या, चार दिवसांत उभी करतो." मास्तर म्हणाले, "तू फक्त सांग. हात माझेच लागले पाहिजेत." मेस्त्रीनं कपाळाला हात लावला, पण सांगत मात्र राहिला. येता-जाता डोकवायचा आणि एकेक काम देऊन जायचा.

पहिलं काम, इंजिन जाम झालंय का ते बघायचं. पुढच्या मोठ्या चाकीला पाना लावून हातानं फिरवायचं. मास्तर आणि मी, दोघं मिळून दीड माणसाचं बळ. तासभर झटलो तेव्हा ती बोटभर हलली आणि मग जड जड फिरली. मास्तरांनी मला चक्क मिठी मारली. त्यानंतर टाकीतलं कुजलेलं डिझेल काढलं. ऑइल काढलं, ते काकवीसारखं निघालं. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी सुनेनं रंग जुळवून जोडल्या. तिचे हात आमच्या दोघांपेक्षा चलाख. मांजरीला पिल्लांसकट माझ्या दुकानात हलवलं.

मास्तरांनी काढलेला प्रत्येक नट बटणांच्या डब्यात गेला. डब्यांवर चिठ्ठ्या. रबरी पाइप आणायला ते गळ्यातली टेप घेऊन गेले आणि दुकानदाराला पाइपाची छाती आणि कंबर सांगून आले. मेस्त्री पोट धरून हसला. "मास्तर, इंजिनाला अस्तर पण लावणार का?"

"तू थट्टा कर. बसलं पाहिजे, एवढंच मला कळतं."

जोडणीही त्यांनी शिवणासारखीच केली. सगळे नट, सगळ्या क्लिपा आधी नुसत्या बोटांनी बसवायच्या, कच्च्या. प्रत्येक कच्च्या जागेवर खडूची पांढरी रेघ. गाडी एकदा चालू झाली, सगळं जागेवर बसलेलं दिसलं, की पान्यानं पक्कं करायचं आणि रेघ पुसायची. रेघ आहे म्हणजे कच्चं, रेघ नाही म्हणजे पक्कं. मला ही पद्धत फार आवडली होती.

इंजिन चालू होण्याच्या आधीच त्यांनी सीटचं कव्हर शिवलं. जाड निळ्या कापडाचं, दुहेरी शिलाईचं. ते चढवताना मी जुनी आठवण काढली नाही.

दोन महिने पुरे व्हायला आले तेव्हा नवी बॅटरी लावली. डिझेलच्या नळीत हवा अडकली होती, ती छोटा पंप दाबून दाबून काढली. मास्तरांनी किल्ली फिरवली. तीनदा नुसती घरघर झाली. चौथ्यांदा काळा धूर आला, सगळी गाडी हादरली आणि इंजिन सुरू झालं. सून दारात येऊन उभी राहिली. तिनं पदर तोंडाला लावला आणि परत आत गेली. तिच्यासाठी तो आवाज दुसऱ्याच कुणाचा होता, हे आमच्या दोघांच्याही तेव्हाच लक्षात आलं. मास्तरांनी गाडी लगेच बंद केली.

मग पक्कं करण्याचं काम. रेडिएटरमध्ये पाणी भरताना मास्तरांच्या हातून बादली कलली आणि बरंच पाणी पुढच्या भागावरून खाली वाहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी पाने घेतले. मी उजेडासाठी विजेरी धरून उभा होतो. ते एकेक रेघ शोधत, आवळत, पुसत खाली सरकत गेले. रेडिएटरच्या खालच्या पाइपापाशी रेघ नव्हती. ते पुढे गेले.

मी त्या पाइपाची क्लिप बघितली. वरच्या पाइपाच्या क्लिपेचा स्क्रू अंगात शिरलेला होता, खालचा चांगला बोटाच्या पेरभर वर होता. आयुष्यभर मी स्क्रूच बघत आलो. तोंडाशी आलं होतं की मास्तर, ही एक बघा. पण मनात म्हटलं, तीन काट्यांचं जग आपलं, इंजिनातलं आपल्याला काय कळतं. तशीच असेल ती. आणि ते इतके रंगात आले होते की मध्येच काही बोलून हसं करून घ्यावंसं वाटेना. मी विजेरीचा उजेड पुढे सरकवला.

पुढचे पंधरा दिवस मेस्त्रीनं त्यांना मैदानात गाडी शिकवली. सपाटीवर बरी चालवू लागले. चढावर थांबून पुन्हा निघणं मात्र शेवटपर्यंत जमलं नाही, गाडी मागे यायची. मेस्त्री म्हणाला, "चढ लागला की थांबूच नका, मास्तर. आणि हा इंजिन तापल्याचा काटा बघा. हा वर गेला की मात्र थांबायचं." या दोन सांगण्यांचं एकमेकांशी जमणार नाही, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

त्या दिवशी सह्या झाल्या. नवे जावईबापू, मास्तर त्यांना असंच म्हणत, घर उघडून ठेवायला पुढे गेले. मागे कपाट, ट्रंक, तिचं शिवणाचं मशीन, भांडी. पुढे आम्ही तिघं, मध्ये ती. मास्तरांनी स्वतः शिवलेला कोट घातला होता. गावाबाहेर पडलो तेव्हा ते गुणगुणत होते. मी त्यांना कधी गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

त्या गावाआधी एक लांब चढ आहे. निम्म्यावर बॉनेटमधून वाफ दिसू लागली. सून म्हणाली, "बाबा, हे काय येतंय?" काटा पार टोकाला गेला होता.

"थांबवा, मास्तर," मी म्हणालो.

"थांबलो तर मागं जाईल. तिचं सामान आहे मागं. एवढा चढ संपू दे, वर थांबतो."

चढ संपायला तीस-चाळीस पावलं उरली असतील. इंजिनानं एक कर्कश आवाज काढला आणि ते मेलं. मास्तरांनी ब्रेक दाबून धरला. मी उतरून चाकांमागे दगड लावले. खाली वाकलो तेव्हा खालचा पाइप निसटून लोंबत होता. मास्तरही उतरले, वाकून त्यांनी पाहिलं. क्लिप हातात घेतली, स्क्रूवर बोट फिरवलं.

"कच्ची राहिली," म्हणाले. "रेघ पाण्यानं धुऊन गेली. खडू पाण्यानं जातो हे मला कळू नये?"

मी चाकांमागचे दगड पुन्हा नीट सरकवले.

फोन केल्यावर जावई टेम्पो घेऊन आले. सामान एकेक करून या गाडीतून त्या गाडीत गेलं. मशीन उचलताना मास्तर मध्ये आले, "याची चाकं सांभाळा," एवढंच म्हणाले. शेवटी सून त्यांच्यापाशी आली. "बाबा, तुम्ही पण चला. दारापर्यंत सोडायचं म्हणाला होतात ना? वरून घर दिसतं म्हणतात. जेवा, उद्या हे पोचवतील."

"गाडी अशी वाटेत टाकून कशी येऊ?"

"गाडीला आता काय होणार आहे?"

"तू जा. तुमचा उशीर होतोय."

जावईही आग्रह करून थकले. ती वाकली, मास्तरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. टेम्पो चढ संपवून पलीकडे उतरला. आवाज थांबेपर्यंत मास्तर रस्त्यात उभे होते. मग येऊन निळ्या कव्हरवर बसले. मेस्त्री येईपर्यंत तीन तास गेले. त्यानं इंजिन बघितलं, मान हलवली आणि त्या दिवशी थट्टा केली नाही.

पुढे गाडी भंगारात गेली. मास्तरांनी कच्चं शिवणं सोडलं. ट्रायल बंद, खडू बंद, थेट पक्की शिलाई. कपडे कुठं तंग, कुठं सैल होऊ लागले. गिऱ्हाइकं आधी कुरकुरली, मग कमी झाली. सुनेचा फोन यायचा, "बाबा, कधी येताय?" ते म्हणायचे, "येतो गं, हे एवढं काम संपलं की." ती दोनदा येऊन भेटून गेली. मास्तर दोन वर्षांत एकदाही गेले नाहीत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "कुठल्या तोंडानं जाऊ? धड पोचवताही आलं नाही."

तेव्हा सांगायला हवं होतं. तोंडाशी आलंही. पण मला वाटलं, आता सांगून काय उपयोग, उगाच जुनं उकरायचं.

ते गेल्यावर ती आली, दुकान आवरायला. बटणांचे डबे मी तिला एकेक करून देत होतो. मध्येच ती म्हणाली, "काका, एकदा तरी यायला काय झालं होतं यांना? माझं काही चुकलं का?"

मग मी तिला क्लिपेचं सगळं सांगितलं. रेघ नव्हती, स्क्रू वर होता, मी बघितला होता आणि गप्प बसलो. तिनं हातातला डबा खाली ठेवला. मला वाटलं, रागावेल. रागावली असती तर बरं झालं असतं.

"त्यांना सांगायला हवं होतंत, काका," ती हळू आवाजात म्हणाली. "मग ते आले असते."